विश्लेषण : नगररचनाकारांच्या परिषदांतून आपल्या शहरांना काय मिळते?

८ नोव्हेंबर हा जागतिक नगररचना दिन. त्या सुमारास आणि पुढे हिवाळाभर देशोदेशी नगररचनाकारांच्या परिषदा, चर्चासत्रे, प्रदर्शने भरतात. दीपप्रज्वलनाचे छायाचित्र छापून येते, ‘शाश्वत’, ‘सर्वसमावेशक’, ‘स्मार्ट’ हे शब्द कानावर पडतात आणि बातमी संपते. दुसरीकडे त्याच शहरात कुणाच्या जमिनीवर विकास आराखड्यातील आरक्षण पडते, नाल्याच्या काठावर इमारत उभी राहते, वर्षानुवर्षे नकाशात असलेला रस्ता प्रत्यक्षात येतच नाही. सभागृहातील चर्चेचा आणि या गोष्टींचा काही संबंध असतो का? गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास सांगतो, की असतो. मात्र कल्पना सभागृहातून शहरापर्यंत नेणारी माणसे आणि कायदा असेल तरच.

या परिषदांत नेमके काय होते?

नगररचनाकार म्हणजे जमिनीचा वापर, रस्ते, पाणी, घरे, मोकळ्या जागा यांचा पुढील वीस-पंचवीस वर्षांचा हिशेब मांडणारा व्यावसायिक. शहरापुरते काम करणारे असतात, तसेच जिल्हा किंवा त्याहून मोठ्या प्रदेशाचा आराखडा करणारेही असतात. भारतात या व्यवसायाची प्रमुख संस्था म्हणजे १९५१ मध्ये स्थापन झालेली ‘इन्स्टिट्यूट ऑफ टाऊन प्लॅनर्स, इंडिया’. ती दरवर्षी वेगवेगळ्या शहरांत राष्ट्रीय परिषद भरवते. जागतिक पातळीवर १९६५ पासून ‘आयसोकार्प’ ही संस्था कार्यरत असून तिचे वार्षिक अधिवेशनही दर वर्षी नव्या शहरात होते. अमेरिकेत ‘अमेरिकन प्लॅनिंग असोसिएशन’ची वार्षिक परिषद हजारोंच्या उपस्थितीत पार पडते.

स्वरूप सगळीकडे साधारण सारखे असते. शोधनिबंध वाचले जातात, गटचर्चा होतात, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना पारितोषिके दिली जातात. एका बाजूला सॉफ्टवेअर, नकाशे आणि सल्लागार कंपन्यांचे स्टॉल असतात. यजमान शहरात फिरून एखादी वस्ती, नदीकाठ किंवा बसमार्ग प्रत्यक्ष पाहण्याचा कार्यक्रमही असतो आणि अनेकांच्या मते तोच सर्वात उपयोगी असतो. अमेरिकेत या परिषदांना आणखी एक अर्थ आहे. तेथील प्रमाणित नगररचनाकाराला आपले प्रमाणपत्र टिकवण्यासाठी दर दोन वर्षांनी ३२ गुणांकांचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. त्यात कायदा आणि व्यावसायिक नीतिमत्ता हे विषय सक्तीचे आहेत. परिषदेतील सत्रांना बसून हे गुणांक मिळवता येतात.

सुरुवात कुठे झाली?

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नगररचना हा स्वतंत्र व्यवसाय नव्हता. वास्तुविशारद, अभियंते, सर्व्हेअर, आरोग्य अधिकारी असे सगळेच त्यात हात घालत होते. मे १९०९ मध्ये वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेची पहिली राष्ट्रीय नगररचना परिषद भरली. गर्दी, दाट वस्ती आणि कामगारांच्या घरांचा प्रश्न हा तिचा मुख्य विषय होता. त्याच वर्षी ब्रिटनने नगररचनेचा पहिला कायदा केला आणि ऑक्टोबर १९१० मध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेने लंडनमध्ये नगररचना परिषद बोलावली.

ही परिषद आजही अभ्यासली जाते, कारण त्या काळी शहरांचा विचार करणारी बहुतेक मोठी माणसे तेथे एका छताखाली आली होती. उद्यान-नगरीची कल्पना मांडणारे एबेनेझर हॉवर्ड, ती कागदावरून जमिनीवर आणणारे रेमंड अनविन, शिकागोचा आराखडा करणारे डॅनियल बर्नहॅम, जर्मनीचे योसेफ श्ट्यूबेन अशी ही यादी आहे. सोबत रॉयल अकादमीत मोठे प्रदर्शन होते. त्यातील एक दालन इतरांपेक्षा वेगळे होते. तेथे भव्य इमारतींची रेखाचित्रे नव्हती, तर एडिनबरा शहराचे सर्वेक्षण मांडले होते : भूगोल, इतिहास, जुने नकाशे, वस्त्या, व्यवसाय. ते मांडणारे होते पॅट्रिक गेडेस. शहराला हात लावण्यापूर्वी ते नीट समजून घ्या, आधी पाहणी आणि मग आराखडा, हे त्यांचे म्हणणे होते.

लंडनच्या परिषदेचा मुंबईशी काय संबंध?

त्या काळात मुंबई एका कठीण प्रश्नाला तोंड देत होती. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. दाट वस्त्या संपादित करायच्या, पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, ही त्याची पद्धत होती. ती खर्चिक होती आणि घर गमावलेल्या गरिबाला पर्याय मिळेलच याची खात्री नव्हती. परदेशात काय चालले आहे याकडे त्यामुळे मुंबई सरकारचे लक्ष होते. जर्मनीतील नगररचना कायद्यांवर सरकारने अहवाल तयार करवून घेतला आणि तो १९१३ मध्ये छापला गेला. फ्रँकफर्टचे महापौर फ्रान्झ आडिकेस यांच्या नावाने ओळखला जाणारा १९०२ चा कायदा त्या वेळी चर्चेत होता. जमीन ताब्यात न घेता मालकांच्या तुकड्यांची फेरमांडणी करायची, हे त्याचे सूत्र. त्याच धर्तीवर १९१५ मध्ये ‘मुंबई नगररचना कायदा’ झाला. भारतातील हा अशा स्वरूपाचा पहिला कायदा.

गेडेसही याच सुमारास भारतात आले. त्यांचे प्रदर्शन घेऊन निघालेले जहाज १९१४ मध्ये ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवले. ब्रिटनमधील सहकाऱ्यांनी नव्याने नकाशे आणि चित्रे जमवून पाठवली आणि १९१५ मध्ये प्रदर्शन आधी मद्रासला व नंतर इतर शहरांत भरले. त्याच वर्षी गेडेस यांनी मुंबई इलाख्यातील सहा शहरांवर अहवाल लिहिले. सरसकट पाडापाडीऐवजी मोजकी, गरजेपुरती शस्त्रक्रिया करा, हा त्यांचा सल्ला भारतातील त्यांच्या अनेक अहवालांत दिसतो. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक झाले.

एका परिषदेतून हा कायदा झाला, असे म्हणणे अर्थातच चूक ठरेल. मात्र कल्पना, नकाशे आणि माणसे यांची जी देवाणघेवाण त्या काळात सुरू झाली, तिच्याशिवाय तो इतक्या लवकर झाला नसता.

‘टीपी स्कीम’ म्हणजे काय?

वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले येथील जुन्या पत्त्यांत ‘टीपीएस’ ही अक्षरे आजही दिसतात. ती या कायद्याची खूण आहे. ‘टाऊन प्लॅनिंग स्कीम’, म्हणजेच नगररचना योजनेत, एका भागातील सगळ्या जमिनी कागदोपत्री एकत्र केल्या जातात. समजा, दहा शेतकऱ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी शेजारी-शेजारी आहेत. त्यांतील दोघांच्या जमिनीतून रस्ता काढला, तर त्या दोघांचे सगळे जाते आणि उरलेल्या आठ जणांच्या जमिनीचा भाव वाढतो. नगररचना योजनेत प्रत्येकाकडून ठरावीक हिस्सा घेतला जातो. त्यातून रस्ते, मैदान, शाळा यांच्या जागा काढल्या जातात आणि प्रत्येकाला लहान, पण चौकोनी, रस्त्याला लागून असलेला भूखंड परत मिळतो. वाढलेल्या किमतीचा काही भाग सुधारणा खर्चापोटी मालकांकडून वसूल केला जातो.

गुजरातने ही पद्धत सोडली नाही. अहमदाबादभोवतीच्या ७६ किलोमीटरच्या सरदार पटेल रिंग रोडसाठी तिचा उपयोग झाला, २००१ च्या भूकंपानंतर भुजची फेरमांडणीही याच मार्गाने झाली. महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात योजनांची तरतूद कायम राहिली, पण भर विकास आराखड्यातील आरक्षणे आणि भूसंपादनावर गेला. अनेक दशकांनंतर ‘नैना’ क्षेत्रात आणि पुण्याजवळ म्हाळुंगे-माण येथे या योजना पुन्हा पुढे आल्या. ‘नैना’त शेतकऱ्यांचा विरोधही झाला. किती जमीन जाणार, परत काय आणि कधी मिळणार, हे प्रश्न कायद्याच्या पुस्तकात सुटलेले असले तरी जमीनमालकाच्या मनात सुटलेले नसतात.

परिषदेतील कल्पना चुकीचीही ठरते का?

ठरते, आणि मग तिची किंमत शहर अनेक पिढ्या मोजते. १९३३ मध्ये आधुनिक वास्तुविशारदांच्या ‘सियाम’ या संघटनेची परिषद मार्सेलहून अथेन्सला जाणाऱ्या ‘पात्रिस’ या जहाजावर भरली. ल कॉर्बुझिए हे तिच्या प्रमुख नेत्यांपैकी एक. शहराची कार्ये चार : राहणे, काम, विरंगुळा आणि वाहतूक. ती वेगवेगळी ठेवा, असा विचार तेथून पुढे आला आणि १९४३ मध्ये ‘अथेन्स सनद’ म्हणून प्रसिद्ध झाला. पुढे कॉर्बुझिए यांच्याच आराखड्यानुसार उभ्या राहिलेल्या चंडीगडमध्ये हा विचार ठळकपणे दिसतो.

विभागवार शहराची कल्पना त्याआधीही होती, पण या सनदेने तिला तत्त्वज्ञानाचे बळ दिले. धुरकट कारखान्यांपासून घरे दूर ठेवण्यात शहाणपण होतेच. मात्र खाली दुकान-वर घर, गल्लीतच कारागिराचे काम आणि कोपऱ्यावर भाजीवाली, अशी आपली शहरे जगत आली आहेत. नकाशावर निवासी भागाला एक रंग आणि उद्योगाला दुसरा रंग दिला, की असे मिश्र जीवन नियमबाह्य ठरू लागते. धारावीसारख्या ठिकाणी घर आणि कारखाना वेगळा करणे म्हणजे अनेकदा रोजगारच तोडणे असते. सगळ्या तज्ज्ञांचे एकमत झाले म्हणजे ते शहराच्या हिताचे असेलच असे नाही, हा या उदाहरणाचा धडा.

बाहेरच्या माणसाचे कुणी ऐकते का?

याचे गाजलेले उत्तर एप्रिल १९५६ मधले आहे. हार्वर्ड विद्यापीठात नागरी रचनेवर परिषद भरली होती. एका वास्तुकला मासिकाच्या संपादकांना तेथे बोलायचे होते. त्यांच्याऐवजी त्यांची सहकारी पत्रकार गेली : जेन जेकब्स. तिच्याकडे नगररचनेची पदवी नव्हती. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये जुन्या वस्त्या पाडून नव्या गृहनिर्माण वसाहती उभारल्या जात होत्या. त्यात लहान दुकाने गेली आणि त्यांच्यासोबत शेजाऱ्यांच्या भेटीगाठीच्या, अडीअडचणीला धावून येण्याच्या जागाही गेल्या, हे तिने तज्ज्ञांसमोर मांडले. त्या भाषणातून पुढे लेख झाला आणि १९६१ मध्ये पुस्तक आले. नगररचनेच्या अभ्यासक्रमात ते आजही वाचले जाते.

मात्र जेकब्स यांना संधी मिळाली ती योगायोगाने. आजही बहुतेक व्यावसायिक परिषदांची भाषा इंग्रजी असते आणि नोंदणी शुल्क असते. फेरीवाला, झोपडीवासी किंवा आरक्षणग्रस्त शेतकरी तेथे वक्ता म्हणून क्वचितच दिसतो. तो शोधनिबंधातील तक्त्यात असतो. याउलट, २०१४ च्या फेरीवाला कायद्याने नगर विक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचेच असावेत, असे बंधन घातले. ज्याच्याबद्दल निर्णय आहे तो खोलीत हवा, हे तत्त्व कायद्याने मान्य केले. परिषदांनी ते अजून पुरते स्वीकारलेले नाही.

भारतात कल्पना अडते कुठे?

पहिला अडथळा माणसांचा. नीती आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये नगर नियोजन क्षमतेवरील अहवाल प्रसिद्ध केला. राज्यांच्या नगररचना विभागांत नगररचनाकारांच्या १२ हजारांहून अधिक पदांची गरज असताना मंजूर पदे चार हजारांहून कमी आहेत आणि त्यांतीलही जवळपास निम्मी रिक्त आहेत, असे त्यात नमूद आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ७,९३३ शहरे आहेत. त्यांतील सुमारे ६५ टक्के शहरांना आराखडाच नाही. म्हणजे परिषदेत हवामान बदल, भूमिती-नकाशे, कृत्रिम बुद्धिमत्ता यांवर सत्रे झडतात, पण ते ऐकून परतणारा अधिकारी अनेकदा बांधकाम परवानग्यांच्या फायलींत बुडालेला असतो. काही नगरपालिकांत तर परत येणारा अधिकारीच नसतो.

दुसरा अडथळा दर्जाचा. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आणि त्याखालील परिषद आहे. कोण स्वतःला वास्तुविशारद म्हणवू शकतो, हे ती ठरवते. नगररचनाकारांसाठी तशी वैधानिक यंत्रणा नाही. अनेक राज्यांत नगररचनाकाराच्या पदासाठी नगररचनेची पदवीही अनिवार्य नसते, याकडे आयोगाने लक्ष वेधले आणि राष्ट्रीय परिषद स्थापन करण्याची शिफारस केली. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नगर नियोजनाच्या शिक्षणासाठी पाचपर्यंत संस्थांना उत्कृष्टता केंद्रांचा दर्जा आणि प्रत्येकी २५० कोटी रुपयांचा निधी देण्याची घोषणा झाली. महाराष्ट्रात नगररचना विभागाची परंपरा १९१४ पासूनची आहे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात हा विषय शिकवला जातो. प्रश्न आहे तो या मुलांना शासनात पदे मिळण्याचा.

तिसरा अडथळा अधिकाराचा. नगररचनाकार आराखडा तयार करतो, त्यात बदल करण्याचा अंतिम अधिकार शासनाकडे असतो. मोकळ्या जागा वाचवण्याविषयी परिषदेत एकमत होते. पुढे त्याच शहरात एकेक भूखंडाचे आरक्षण फेरबदलाच्या सूचनेने बदलत जाते आणि परिषदेतील ठरावाला तेथे काही किंमत नसते.

मुंबई आणि गोव्याचा अनुभव काय सांगतो?

मुंबईचा २०३४ पर्यंतचा प्रारूप विकास आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यमान जमीन वापराच्या नोंदींत असंख्य चुका निघाल्या. वारसा वास्तू, शाळा, प्रार्थनास्थळे नकाशात चुकीची दाखवली गेली होती. हजारो हरकती आल्या. अखेर एप्रिलमध्ये तो नव्याने करण्याचे आदेश तत्कालीन मुख्यमंत्र्यांना द्यावे लागले. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले आणि शासनाची मंजुरी मे २०१८ मध्ये मिळाली. आधी पाहणी, मग आराखडा, हे गेडेस यांचे म्हणणे शंभर वर्षांनंतरही शिकायचे बाकी होते, असा याचा अर्थ. आणि पाहणीतील चुका शोधल्या त्या त्या-त्या गल्लीत राहणाऱ्या माणसांनी.

गोव्यात ‘प्रादेशिक आराखडा २०११’ ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झाला. शेती, डोंगर, वनांची जमीन बांधकामासाठी खुली होत असल्याचे लोकांच्या लक्षात आले, ‘गोवा बचाओ अभियान’ उभे राहिले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्यानंतरच्या ‘आराखडा २०२१’च्या कृती दलात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचा सहभाग होता. या वेळी मसुदा नकाशे गावोगावी ग्रामपंचायतींपर्यंत गेले. पुढे या आराखड्यावरही वाद झाले, पण गावाने आपल्या शेताचा, ओहोळाचा नकाशा हातात घेऊन तज्ज्ञांशी बोलण्याचा पायंडा पडला. प्रादेशिक नियोजनाच्या कोणत्याही परिषदेत मांडावा असा हा अनुभव आहे.

नागरिकांनी यातून काय घ्यावे?

महाराष्ट्रात दर वीस वर्षांतून किमान एकदा विकास आराखड्याची सुधारणा करणे अपेक्षित आहे. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. परिषदेतला तज्ज्ञ आणि सामान्य नागरिक समोरासमोर येतात ते बहुधा याच खोलीत. त्यामुळे हरकत नोंदवताना केवळ ‘विरोध आहे’ असे लिहिण्यापेक्षा सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, नकाशातील नेमकी चूक, जागेचे छायाचित्र आणि सुचवलेला पर्याय दिला, तर तिला वजन येते. आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालकाला कलम १२७ खाली नोटीस देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत कार्यवाही न झाल्यास आरक्षण रद्द होते. मालकाला त्यातून न्याय मिळतो, पण शहराचे मैदान किंवा शाळा कायमची हातची जाते. म्हणून आपल्या प्रभागातील कोणत्या आरक्षणाची मुदत कधी संपते, यावर रहिवाशांनीही नजर ठेवायला हवी.

आपल्या शहरात नगररचनाकारांची परिषद भरली, तर महापालिकेला विचारण्यासारखे प्रश्न साधे आहेत. आपले कोण गेले होते, तेथे पाहिलेली कोणती गोष्ट येथे करून पाहणार, त्यासाठी कोणत्या नियमात बदल लागेल आणि ते करण्यासाठी नगररचना विभागात माणसे किती आहेत? यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर आधीच्या तिन्हींच्या उत्तरांना फारसा अर्थ उरत नाही.